तुम्ही विचारलंत म्हणून : आधी कोण बोलणार?

वैरी समजल्या जाणाऱ्या देशातल्या बायकांना भेटायला सीमा ओलांडून गेलेल्या बायकांबद्दल मी बोलते, तेव्हा शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो : "यानं एक तरी युद्ध थांबलं का हो?" गेल्या खेपेला तो तुम्ही विचारलात. मग हळूच म्हणालात, "माझा मुलगा सैन्यात आहे. बायका तिकडे जाऊन गळाभेटी घेतात, तेव्हा त्यानं काय समजायचं?" त्या दिवशी मी जे बोलले ते अपुरं होतं.

आधी सरळ उत्तर देते. नाही, थांबलं नाही. १९१५ च्या एप्रिलअखेर १२ देशांतल्या हजारावर बायका युद्ध थांबवा म्हणायला नेदरलँड्समधल्या हेगला जमल्या, तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने होत आले होते. ते पुढे १९१८ च्या नोव्हेंबरपर्यंत चाललं.

तरीही त्या सभेत काय घडलं ते सांगायलाच हवं. ब्रिटनहून १८० जणींना यायचं होतं. ऐन वेळी उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद झाली आणि सभेला ब्रिटनच्या तिघीच हजर राहू शकल्या. बेल्जियम तेव्हा जर्मनीच्या ताब्यात. तिथल्या बायका जर्मन अधिकाऱ्यांकडून परवाना मिळवून, अंगझडती देऊन, सीमेजवळचं अंतर पायी तुडवत आल्या. सभेत त्यांचं स्वागत केलं ते जर्मनीच्या अनिता आउग्सपुर्ग यांनी, आणि बेल्जियमच्या बायका व्यासपीठावर जर्मन बायकांशेजारी बसल्या. ज्यांची फौज आपल्या घरादारात घुसून बसली आहे, त्यांच्या शेजारची खुर्ची! मी दर वेळी इथे थबकते. तिथे बसणं म्हणजे झालंगेलं विसरणं नव्हतं. विसरल्या असत्या तर एवढ्या लांब आल्याच नसत्या.

सभा आटोपल्यावर तिच्या अध्यक्ष, अमेरिकेतल्या समाजसेविका जेन ॲडम्स आणि इतर काही जणी युरोपच्या राजधान्यांमधून पंतप्रधानांना, परराष्ट्रमंत्र्यांना भेटत फिरल्या. यांतल्या बहुतेकींना आपापल्या देशाच्या निवडणुकीत मत द्यायचाही हक्क नव्हता. एका बड्या पदावरच्या गृहस्थांना ॲडम्स म्हणाल्या, "बायकांनी असं फिरणं तुम्हांला खुळेपणाचं वाटत असेल." त्यांनी टेबलावर मूठ आपटली. म्हणाले, खुळेपणा कसला, दहा महिन्यांत या खोलीत ऐकलेलं हे पहिलं शहाणपणाचं बोलणं आहे. लढणाऱ्या देशांत या बायकांना साधारण एकच सूर ऐकू आला : तटस्थ देश मध्यस्थीला आले तर आमची हरकत नाही, पण आम्ही होऊन बोलावणार नाही. आधी बोललो तर आम्ही दमलो असं दिसेल.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. सरकारनं आधी तोंड उघडलं की ती माघार ठरते. साध्या नागरिकाच्या बोलण्यानं कुणाचीच मान खाली जात नाही.

कारगिलचं युद्ध १९९९ च्या जुलैत संपलं, डिसेंबरात विमानाचं अपहरण झालं. भारत आणि पाकिस्तानची सरकारं एकमेकांशी धड बोलत नव्हती. अशा दिवसांत, मार्च २००० मध्ये, विनोबांबरोबर भूदान पदयात्रेत चाललेल्या निर्मलाताई देशपांडे बायकांची बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. त्याच वर्षी तिथल्या मानवी हक्कांच्या वकील अस्मा जहांगीर पाकिस्तानी बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. करारबिरार काही झाला नाही. जाणंयेणं झालं, आणि त्या दिवसांत तेही कुणी करत नव्हतं.

यात धोका आहे, तो मी लपवणार नाही. कोरियात १९५३ पासून नुसता युद्धविराम आहे, शांतता करार नाही. २४ मे २०१५ ला १५ देशांतल्या ३० जणी उत्तरेकडून दक्षिणेत आल्या. त्यांना सीमेवरच्या पानमुन्जोममधून, जिथे युद्धविरामावर सह्या झाल्या तिथून, चालत यायचं होतं. परवानगी मिळाली नाही, बसनं यावं लागलं. त्याआधीच उत्तरेतल्या सरकारी वर्तमानपत्रानं त्यांच्या तोंडी तिथल्या नेत्याची स्तुती घातली होती. त्यांनी ती साफ नाकारली, तरी दक्षिणेत निषेधाचे फलक घेऊन लोक उभेच होते. यजमान सरकार पाहुण्यांना वापरून घ्यायला बघणारच. तिथल्या दडपशाहीबद्दल मूग गिळून केलेली मैत्री मला मान्य नाही. पण म्हणून जाऊच नये, हे मला पटत नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. जुलै १९१५ मध्ये ॲडम्स न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोलल्या. संगिनी घेऊन धावून जाण्याआधी सैनिकांना काहीतरी पाजावं लागतं, असं त्यांनी सांगितलं आणि सैनिकांच्या शौर्याचा अपमान केला म्हणून वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. त्याच भाषणात त्यांनी इस्पितळातल्या जखमी सैनिकांबद्दलही सांगितलं होतं. शुश्रूषा करणाऱ्या बायकांना ते विचारत : तुम्हां बायकांना या युद्धाचं काही करता येत नाही का? की आम्ही जखमी झालो तरच तुम्हांला आमची माया येते?

त्या दिवशी तुमच्यासमोर मला हे आठवायला हवं होतं.