सोलापुरात, एका अर्ध्या बाडापाशी

सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून सोलापूरला उतरलो तेव्हा डोक्यात ना भुईकोट होता, ना चादरी. राम जोशी होते. (चादरी नंतर घेतल्याच, घरचा हुकूम होता.)

शाहीर राम जोशी मूळचे इथलेच. जन्मसाल कुणी १७५८ धरतं, कुणी १७६२. तमाशाचा नाद लागला म्हणून थोरल्या भावाने घराबाहेर काढलं, मग पंढरपुरात संस्कृत शिकून आले, अशी कथा सांगतात. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुणं गाजवलं, आणि उत्तरायुष्यात कीर्तनकार होऊन मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या तोंडी बसवल्या. एका माणसात दोन माणसं. त्यातला कोणता आपल्यापर्यंत पोचला, हे बघायला मी आलो होतो.

ज्यांच्याकडे गेलो ते निवृत्त गुरुजी. जिन्यापासूनच पुस्तकांचे गठ्ठे. मी चपला काढायला लागलो तर म्हणाले, "राहू द्या की. धूळ बाहेरपेक्षा आतच जास्त आहे." पन्नासेक वर्षं रद्दीवाल्यांकडून पुस्तकं सोडवून आणतायत. किलोवर घेतलेली पुस्तकं घरात आल्यावर मोजायची नसतात, असं त्यांच्या पत्नीचं मत. ते त्यांनी चहा ठेवता ठेवता आतूनच ऐकवलं.

लाल फडक्यातून बाड निघालं. शिवलेली लांबट चोपडी, पानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला. गुरुजींचे आजोबा कीर्तनकार, अक्षर त्यांचंच. 'हटातटाने पटा रंगवुनि' होती, 'नरजन्मामधि नरा' होती, 'भला जन्म हा' होती. एकेक चरण टाकाने रेखलेला, काना-मात्रा चुकलेली नाही. कीर्तनात कामाला येईल ते सगळं उपदेशाचं.

मग गुरुजींनी शेवटची दोन पानं उलटली. तिथे शृंगारिक लावण्यांच्या फक्त पहिल्या ओळी, एकाखाली एक, वाण्याच्या यादीसारख्या. 'सुंदरा मनामधि भरली' आणि पुढे काही नाही.

"आजोबांना येत नव्हत्या?" मी विचारलं.

"सगळ्या पाठ होत्या. पण घरात आजी होती."

मी हसलो खरा, पण त्या यादीवरून नजर हलेना. आजोबांनी काही फाडलं नाही, खोडलं नाही. फक्त उतरवून घेतलं नाही. संग्राहकाची कात्री बहुधा अशीच चालते, कागदाला न लागता.

मोठ्या संग्राहकांचंही असंच. हॅरी अॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला. १८९४ मध्ये त्याने काही पोवाड्यांचं इंग्रजी भाषांतरही काढलं. गोंधळ्या-शाहिरांच्या तोंडचं कागदावर आलं, हे उपकार मोठेच. पण संग्रहाचं नावच 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. ज्या रचनेत लढाई नाही, सरदार नाही, तिने या दारातून शिरायचं कसं? पोवाड्याला इतिहासाची पावती मिळाली. लावणीला आपली सोय दुसरीकडे बघावी लागली. शाहिराच्या कलगीत आपण आजही पोवाडा आधी खोवतो, त्यामागे ही निवडही असावी, असं मला वाटतं.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. दही मागून घ्यावं लागलं. चटणीने घाम फोडला होता.

निघताना मी बाडाचे फोटो काढू का म्हणून विचारलं. गुरुजींनी थोडं थांबून मान डोलावली, पण अट घातली, "शेवटची दोन पानंसुद्धा काढा. नुसते अभंगासारखे फोटो नकोत."

मी पानं सरळ करत होतो तेवढ्यात आतून गुणगुणणं आलं. गुरुजींच्या पत्नी. 'सुंदरा मनामध्ये भरली.' गुरुजीही धरू लागले, टेबलावर बोटांनी ठेका.

"ही चाल तुमच्या घरातली?" मी विचारलं.

"छे हो," बाई बाहेर येत म्हणाल्या. "सिनेमातली. वसंत देसाईंची." १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी'.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते लाल फडक्याची गाठ मारत होते.

"आजोबा म्हणायचे ती चाल वेगळी होती," ते म्हणाले. "लहानपणी दाराआडून ऐकलीय. पण सिनेमा बघितला आणि ती गेली. आता आठवायला गेलो की हीच येते."