दिवाळीनंतरचं अंदमान: सरींचा एक आठवडा आणि वाऱ्याचं गणित

दिवाळीनंतर अंदमानला निघायच्या आठ दिवस आधी फोनवरचा हवामानाचा अंदाज हमखास घाबरवतो. सातही दिवसांवर काळा ढग, विजेचा बाण आणि खाली तीन थेंब. नोव्हेंबरात आपल्याकडं असं चित्र दिसलं तर द्राक्षबागायतदाराची झोप उडते. सहलीचं तिकीट काढलेल्या सोलापूरकराची अवस्थाही तशीच होते, आणि मग 'रद्द करू का?' असे फोन सुरू होतात.

त्या चित्राचा अर्थ एवढाच असतो, की चोवीस तासांत कधीतरी, कुठंतरी सर येण्याची शक्यता आहे. अंदमानात मे ते डिसेंबर ती जवळपास रोजच असते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोचतो, तो सरतो न सरतो तोच ईशान्येकडचा सुरू होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सोलापूरच्या चौपट. एवढा पाऊस पडूनही तिथली बाजारपेठ, शाळा, रिक्षा, मासळीबाजार सगळं चालू असतं. थांबते ती बोट, आणि तीही पावसानं नाही, वाऱ्यानं. त्यामुळं या सात दिवसांत आम्ही रोज सकाळी आधी वारा बघितला, पाऊस नंतर.

सोलापूरहून हैदराबाद रेल्वेनं सहा-सात तास, तिथून विमान. श्री विजयपुरमला (२०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर) उतरायला शक्यतो सकाळचं विमान घ्यावं. त्याचं कारण घड्याळात आहे. हे शहर सोलापूरच्या जवळजवळ सतरा रेखांश पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथं सव्वापाचला उजाडतं आणि पाचच्या आसपास सूर्य बुडतो. दुपारी दोनला उतरलात तर हॉटेलात सामान टाकेपर्यंत दिवस संपलेला असतो. आठला उठून, पोहे खाऊन दहाला बाहेर पडायची सवय इथं महागात पडते. साडेपाचला बाहेर, नाश्ता नऊला, अंधार पडायच्या आत परत, असा क्रम पहिल्या दिवसापासून लावून घ्यावा.

क्रमाचीच दुसरी गोष्ट: आधी बेटं, शहर शेवटी. आम्ही दुसऱ्याच दिवशी स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) गेलो, तिथून शहीद द्वीप (जुनं नील) आणि परतीच्या विमानाआधीचे पूर्ण दोन दिवस शहरात ठेवले. बोट एक दिवस अडकली तर सेल्युलर जेल बघायचा वेळ कमी होतो, विमान चुकत नाही. उलटा क्रम लावणारे दर मोसमात जेटीवर बॅगांवर बसलेले दिसतात.

पहिल्या दिवशी फक्त सरी. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा ईशान्येचा, ताशी पंधरा-वीस किलोमीटर. स्वराज द्वीप शहराच्या ईशान्येलाच आहे, म्हणजे जाताना लाट समोरून येते. खासगी वेगवान बोट हॅडोच्या धक्क्यावरून सुटते आणि साधारण दीड तास घेते. सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून, अडीच तासांच्या आसपास, तिकीट बरंच स्वस्त. बंदराच्या आडोशात पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळे सेल्फी काढत असतात. बोट उघड्या समुद्रात आली की नाक वर उचललं जातं आणि दणकन आपटतं, मग आतले सगळे गप्प होतात. बोट लागते ती इथं. उपाय साधे आहेत, पण वेळेत करायला हवेत. गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची (तीही डॉक्टरांना विचारून, कारण झोप येते), मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. जागा खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यापासून थोडी मागं. पुढच्या रांगेतून दृश्य छान दिसतं, पण झोकाही तिथंच सगळ्यात मोठा. नजर क्षितिजावर, फोन खिशात. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि पुरीभाजी खाऊनही जाऊ नये. दोन कोरडी बिस्किटं पुरतात. परतीला हाच वारा पाठीवर असतो, बोट निम्मीसुद्धा हलत नाही.

तिसरा दिवस या आठवड्यातला सगळ्यात शिकवणारा. स्वराज द्वीपला दोन बाजू आहेत आणि वाऱ्याप्रमाणं त्यांचा स्वभाव बदलतो. राधानगरचा किनारा (किनाऱ्यांना तिथं नंबरही आहेत, हा सात नंबर) पश्चिमेकडचा, गोविंदनगर (तीन), विजयनगर (पाच) आणि कालापत्थर पूर्वेकडचे. जून-जुलैत नैर्ऋत्य वाऱ्यात राधानगर खवळलेला आणि पूर्वेकडं त्यामानानं शांत. आमच्या आठवड्यात नेमकं उलटं होतं. विजयनगरला सकाळी पाणी गढूळ, काठावर शेवाळाची दाटी, आणि त्याच वेळी दहा-बारा किलोमीटरवर राधानगरला लाट गुडघ्याएवढी. ज्यांचं हॉटेल पूर्वेला, ते खिडकीतून समुद्र बघून 'आज काही होणार नाही' म्हणून झोपून राहतात. रिक्षा करून पलीकडं जाऊन बघावं.

राधानगरला उभं राहून सर येताना बघणं हा एक अभ्यासच आहे. क्षितिजावर आधी ढगाचा तळ काळा आणि सपाट दिसतो. त्याखाली राखाडी पडदा, आणि पडद्याखालच्या पाण्याचा निळा रंग जाऊन शिशासारखा होतो. पडदा डावी-उजवीकडं सरकतोय का, हे समोरच्या एखाद्या झाडाशी ताडून बघायचं. सरकत असेल तर तो बाजूनं निघून जाणार. जागचा हलत नाही आणि नुसता रुंद होत चाललाय, तर तो थेट तुमच्याकडं येतोय. दहा किलोमीटरवरची सर अशा वाऱ्यात तीस-चाळीस मिनिटांत पोचते. पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एकदम गार झोत येतो आणि वाळू पायाला टोचू लागते. मग टपोरे थेंब, मग धो धो. वीस मिनिटांनी ऊन. आपल्या वळिवासारखंच, फरक इतकाच की वळिवानंतर मातीचा वास येतो आणि इथं पानांचा.

वीज असेल तर मात्र थट्टा नको. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनानं भागले की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पाण्याबाहेर यायचं आणि गाडीत किंवा पक्क्या इमारतीत बसायचं. किनाऱ्यावरच्या उंच सी-महुआ झाडांखाली सगळे धावतात, तीच चुकीची जागा. वीज नसली तरी त्या झाडांच्या वाळक्या फांद्या वाऱ्यात कोसळतात.

पोहताना आणखी एक खूण. लाटा फुटून पांढरा फेस दिसतोय आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, शांत, तर तो शांत पट्टा पाणी आत ओढणारा प्रवाह असतो. नवखा नेमका तिथंच उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याकडं झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग वळा. खाड्या आणि खारफुटीच्या तोंडाशी तर उतरूच नये. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या तिथं शोभेला लावलेल्या नाहीत.

चौथ्या दिवशी दाब पडला. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, एखादं साधं ॲप टाकून ठेवावं. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी नऊ-दहाला आणि रात्री तेवढ्यालाच जास्त, पहाटे आणि दुपारी तीन-चारला कमी, फरक साधारण तीन हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक). त्यामुळं सकाळी बघून दुपारी परत बघितलं तर दाब पडल्यासारखा वाटणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुलना कालच्या त्याच वेळेशी करायची. चौथ्या दिवशी सकाळी नऊला तो आदल्या सकाळपेक्षा तीननं कमी होता. अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, असं हवामान खात्याच्या पत्रकातही आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही क्षेत्रं इथं जन्मतात आणि बहुधा पश्चिम-वायव्येला, आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्याकडं सरकतात. अंदमानच्या वाट्याला त्यांचं बाळपण येतं.

पत्रक वाचताना दोन आकडेवाऱ्या लक्षात ठेवाव्यात. पाऊस चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेला तरच तो 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार'. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ६५ मिलिमीटर पडला तर सहा हजार लिटर होतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातला माणूस हा हिशेब मांडल्याशिवाय राहत नाही. वाऱ्याचं असं: ताशी ३१ ते ४९ किलोमीटर म्हणजे डिप्रेशन (कमी दाबाच्या क्षेत्राची पुढची पायरी), ५० ते ६१ डीप डिप्रेशन, त्यापुढं चक्रीवादळ. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की इथंच वादळी वारा अपेक्षित आहे असं समजायचं. एक नंबरचा म्हणजे लांब समुद्रात काहीतरी आहे, फक्त लक्ष ठेवा.

पाचव्या दिवशी वेगवान बोटी बंद. समुद्रातले खेळ आणि स्वराज द्वीपवरच्याच एलिफंट बीचला जाणाऱ्या छोट्या बोटीही बंद. असा दिवस आला की जेटीवर भांडून काही मिळत नाही. तीन कामं लगेच करावीत: हॉटेलला एक रात्र वाढवून मागावी (दुपारपर्यंत खोल्या संपतात), बोटीचं तिकीट पुढच्या तारखेला बदलून घ्यावं, आणि सरकारी बोटीच्या खिडकीवर चौकशी करावी. रोख पैसे जवळ हवेत. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेटवर्क बरंच सुधारलं आहे, पण वीज गेली की स्कॅन करून पैसे द्यायचा मार्ग बंद, आणि एटीएम मोजकीच. एलिफंट बीचला जंगलातून चालत जायची वाट आहे, पण दोन दिवसांच्या पावसानंतर ती घोट्यापर्यंत चिखल असते. आम्ही ती टाळली. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालूच नये, लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-जनावरांच्या मुत्रातून पाण्यात येणारा ताप) इथला जुना रोग आहे.

स्कुबाचं (हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली उतरायचं) गणित वेगळं. पाण्याखाली पाऊस लागत नाही. बिघडवतात ते प्रवाह आणि गढूळपणा. सकाळी सहा-सातची पहिली पाळी घ्यावी. सर्दी झाली असेल तर उतरू नये, कानातला दाब जुळत नाही. एकदाच उतरला असाल तर विमानात बसण्याआधी किमान बारा तास थांबावं, जास्त वेळा उतरला असाल तर अठरा.

शहीद द्वीपला सहाव्या दिवशी सकाळी पोचून संध्याकाळच्या बोटीनं शहरात परत. दोन दिवसांचा बेत अर्ध्या दिवसावर आला. नैसर्गिक पूल म्हणतात ती खडकाची कमान ओहोटीलाच बघता येते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं जाते, त्यामुळं मित्रानं गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ उपयोगाची नाही. पावसानं शेवाळलेल्या प्रवाळखडकावर रबरी चप्पल घसरते. मागं पट्टा असलेली, खाचांचा तळ असलेली सँडल हवी.

सेल्युलर जेलला पावसाचा अडसर नाही, व्हरांडे झाकलेले आहेत. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. एकीची पुढची बाजू दुसरीच्या पाठीकडं येईल अशी रचना आहे, म्हणजे कैद्याला समोर फक्त भिंत. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणसांची रांग असते. फाशीघरापाशी सोलापूरकराला आपले चार हुतात्मे आठवतात: धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे, १२ जानेवारी १९३१, येरवडा. ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम उघड्यावर असतो. पावसाच्या दिवशी खिडकीवर विचारून मगच तिकीट काढावं.

आता सामान. आपला जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवा. हे सोलापुरात लिहिणं जिवावर येतं, पण इथल्या दमट हवेत तो दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. माणशी दोन पातळ पंचे घ्या. चादरीचंही तेच. जीन्स नको. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट बरा. कॅमेरा एसीच्या खोलीतून बाहेर काढला की काच धुरकट होते. झिपच्या पिशवीत बंद करूनच बाहेर न्यावा आणि वीस-पंचवीस मिनिटं तसाच ठेवावा. पुसत बसलात तर परत धुरकटतो. फोनचं चार्जिंगचं छिद्र ओलं असताना वायर लावू नये.

कडक भाकरी नेणार असाल तर एकाच मोठ्या डब्यात भरू नका. डबा एकदा उघडला की संध्याकाळपर्यंत सगळ्या सादळतात. चार-चारच्या बंद पिशव्या करा आणि एका जेवणाला एकच फोडा. शेंगाचटणी टिकते, पण ओला चमचा घातला की तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. चटणी डब्यातून झटकून ताटात घ्यायची, चमचा डब्यात घालायचाच नाही.

बूट मात्र सात दिवस ओलेच राहिले. वर्तमानपत्राचे बोळे घालून झाले, पंख्याखाली ठेवून झाले. सोलापूरला गच्चीवर टाकले आणि दुपारी तीनपर्यंत वाळून ठणठणीत.