आधी आभाळ, मग वावर

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मनात पहिले उभे राहिले ते आपले चित्रकलेचे सर. बाकी गुरुजनांनी राग मानू नये, पण आज मी चित्रकार आहे तो त्यांच्यामुळेच.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी चालू होती. निसर्गचित्र म्हटलं की सगळ्यांचं ठरलेलं: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी. सरांनी माझा कागद उचलला. "काबे, असा डोंगर आपल्या गावात कुठी पाह्यला तू?" अन् अख्खा वर्ग शाळेमागच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेऊन बसवला. समोर गुडघाभर कापसाची पऱ्हाटी आणि वर भरून आलेलं. "जमिनीची रेघ पार खाली ओढा. आधी आभाळ, मग वावर." माझा ढग नुसता काळा गोळा झाला होता. सरांनी ओल्या रंगावर रुमालाचं टोक दाबून उचललं, तशी ढगाला पांढरी कड फुटली. मग कागदामागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायला लावली.

पुढे नागपूरला शिकताना वाचलं, की इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांची अभ्यासचित्रं केली आणि कागदामागे वेळ, वारा अशाच नोंदी ठेवल्या. सरांनी त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. जर्मन चित्रकार फ्रीडरिशचं ‘समुद्राकाठचा संन्यासी’ हे चित्र पाहिलं. एवढासा माणूस आणि बाकी सगळं आभाळ. मला ते परकं वाटलंच नाही.

आज माझ्या चित्रांना लोक रोमँटिक परंपरेतली, म्हणजे फ्रीडरिशसारखी निसर्गाच्या भव्यतेपुढे माणूस लहान दाखवणारी, म्हणतात. ते मला मान्य आहे. फ्रीडरिशसारखीच माझीही माणसं पाठमोरी असतात. पण त्याचा माणूस धुक्याकडे पाहत उभा राहतो. माझी कापूस वेचणारी बाई कंबरेला ओटी बांधून वाकलेली असते. ती वर पाहते ते फुटलेला कापूस भिजेल का, या धास्तीने. आभाळाचा हा धाक सरांच्या धुऱ्यावर बसल्याशिवाय माझ्या हाताला कळला नसता.

मागे शाळेत आलो होतो. धुऱ्यावरचा पळस तुटला आहे, चित्रकलेच्या तासाला आता गणित असतं. फार वाईट वाटलं. तो तास पुन्हा सुरू करावा, ही शाळेला हात जोडून विनंती. शिक्षक मिळेपर्यंत महिन्यातला एक शनिवार मी येईन, रंग-कागद माझ्याकडून.