दोन खिडक्यांचं कार्ड

चित्रकलेच्या खोलीत सरांनी स्वतः रंगवलेलं रंगचक्र टांगलेलं होतं. मध्ये लाल, पिवळ्या, निळ्याचा त्रिकोण, त्याला चिकटून नारिंगी, हिरवा, जांभळा आणि भोवती बारा घरांचं कडं. पिवळा वर आणि जांभळा तळाशीच हवा, हा सरांचा हट्ट.

आठवीत एलिमेंटरीच्या तयारीत आम्ही ते काढलं. माझी नऊ घरं जमली, जांभळ्याच्या तिन्ही घरांत मात्र चिखल. सरांनी माझी रंगाची बाटली उजेडात धरली. "अरे, हा शेंदराकडे झुकलेला लाल. याच्यात पिवळा लपलाय. तिन्ही एकत्र आले की चिखलच होणार. शेजाऱ्याकडून क्रिमसन माग."

पुढे एका ग्रंथालयात योहानेस इटेन यांचं १९६१ सालचं पुस्तक उघडलं, तर आत आमच्याच भिंतीवरचं चक्र! तोच त्रिकोण, पिवळा वरच. हे गृहस्थ १९१९ ते १९२३ जर्मनीत वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत आणि वर्ग सुरू करण्याआधी मुलांकडून श्वासाचे व्यायाम करून घेत. आमचे सर फक्त हात धुऊन यायला लावत.

पण सरांचा खरा धडा नववीतला. लाल आणि हिरव्या घोटीव कागदांवर त्यांनी राखाडी कागदाचा एकेक चौकोन चिकटवला. लालवरचा हिरवट दिसला, हिरव्यावरचा तांबूस. "दोन वेगळे कागद आहेत, सर!" आम्ही ओरडलो. सरांनी दोन खिडक्या कापलेलं पांढरं कार्ड वर ठेवलं. दोन्हीकडे एकच राखाडी. वर्ग गप्प. चक्र वर्षभर घोटून घेतलं आणि एका तासात सांगितलं, डोळ्यावर भरवसा ठेवू नका!

बाउहाउसमध्येच शिकून तिथेच शिकवू लागलेले योझेफ आल्बर्स पुढे अमेरिकेत असेच धडे रंगीत कागदांवर देत. कालवाकालव नाही, आणि तोच रंग पुन्हा हुबेहूब मिळतो. सरांना हे कुठून मिळालं, विचारायचं राहून गेलं.

मी आता छपाईच्या धंद्यात आहे. इथे लाल-निळ्याऐवजी मजेंटा आणि सायन, त्यामुळे जांभळा बिनतक्रार निघतो. तक्रार गिऱ्हाइकाची असते. परवा एकजण दोन लेबलं घेऊन आला: "यातला राखाडी बदललाय, पैसे देणार नाही." मी वाद घातला नाही. ड्रॉवर उघडून कार्ड काढलं.