कोल्चेस्टर : रोमन विटांचा माग काढत

इंग्लंडमधले रोमन अवशेष म्हटले की आपली मंडळी बाथ नाहीतर यॉर्क गाठतात. मी म्हणेन, लंडनला असाल तर आधी कोल्चेस्टर बघा. लिव्हरपूल स्ट्रीटहून ट्रेनने साधारण तासाभराचा रस्ता. मुख्य स्टेशन गावापासून खाली आहे, तिथून चढ लागतो. पाय दुखत असतील तर सरळ कोल्चेस्टर टाउन स्टेशनला उतरा.

सुरुवात बाल्कर्न गेटपासून करावी. पायी जाणाऱ्यांची रोमन कमान अजून शाबूत आहे आणि लोक तिच्यातून रोज ये-जा करतात. शेजारचा तट जवळ जाऊन बघा: दगडांचे थर, मध्येच सपाट लाल विटांचे पट्टे. या विटा नीट ओळखून ठेवा, दिवसभर भेटत राहतील.

रोमन आले इ.स. 43 मध्ये, पण कामुलोडुनम (कोल्चेस्टरचं जुनं नाव) ही स्थानिक राजांची राजधानी त्याआधीपासून होती. 49 मध्ये इथे निवृत्त सैनिकांची वसाहत झाली, पुढे सम्राट क्लॉडियसचं देऊळ आलं. जमिनी गेलेल्या लोकांचा राग त्या देवळावर होताच. 60-61 मध्ये रोमनांविरुद्ध बंड केलेली स्थानिक जमातीची बूडिका राणी चालून आली तेव्हा गावाला तटच नव्हता. गावातली माणसं देवळात शिरली, दोन दिवस टिकली आणि संपली. जळलेल्या मातीचा लाल थर आजही खोदकामात लागतो. 2014 मध्ये हाय स्ट्रीटवर एका घराच्या जमिनीखाली पुरलेले दागिने सापडले. पुरणारी बाई परत आलीच नाही, हे ते दागिने बघताना फार लागतं.

ते कॅसलमधल्या म्युझियममध्ये आहेत. अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी हा किल्ला त्याच देवळाच्या चौथऱ्यावर बांधला, विटाही रोमनांच्याच वापरल्या. खालची तळघरं गाईडबरोबरच बघता येतात. त्याचं तिकीट वेगळं असतं, गेल्या गेल्या काढा. लाँगिनस या घोडेस्वाराची समाधिशिळा चुकवू नका. शिळा 1928 ला मिळाली, तुटलेला चेहरा 1996 ला!

होली ट्रिनिटी चर्चच्या सॅक्सन (नॉर्मनांच्या आधीच्या काळातल्या) मनोऱ्याचा त्रिकोणी दरवाजा याच विटांचा, सेंट बोटॉल्फच्या पडक्या मठाच्या कमानीही. दोन्ही जागा चालत होतात. वेळ उरला तर रथशर्यतींच्या मैदानाकडे जा. ब्रिटनमध्ये असं दुसरं सापडलेलं नाही. वर फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे तिथलं माहिती केंद्र उघडं आहे का ते बघूनच निघा.