तुम्ही विचारलंत म्हणून: बळ कुठून आलं?

आफ्रिकेतल्या मलावी देशातून परत आल्यापासून पिंपळनेर-साक्री पट्ट्यात कुठेही गेलं की प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तिकडे एवढं सोसलंत, मग आत्मिक बळ कुठून मिळालं?" विचारणारी माणसं प्रेमाने विचारतात, पण बहुतेकांना उत्तर आधीच माहीत असतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं असतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देण्याची आपली एक चाल पडून गेली आहे: संकट आलं, गुडघे टेकले, प्रभूने सोडवलं, हालेलुया. पाच मिनिटांत आटपतं आणि पुढचं गीत सुरू होतं. माझं त्या चालीत बसत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाकते. मी कुणाला ख्रिस्ती करायला गेले नव्हते. मलावीत चारातली तीन माणसं आधीपासूनच ख्रिस्ती आहेत आणि उपासनेला आपल्यापेक्षा वेळेवर येतात. मी लॅब टेक्निशियन. दक्षिण मलावीतल्या एका मिशनच्या दवाखान्यात रक्त, थुंकी, लघवी तपासायची आणि रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचा, एवढंच माझं मिशनरीपण. दुसरा हमखास येणारा प्रश्न भाकरीचा. कळण्याची भाकरी नव्हती, पण मक्याचं पीठ घट्ट शिजवून केलेला न्सिमा रोज होता आणि तूर हवी तेवढी होती. तिथे मक्यात तुरीचं आंतरपीक घेतात. मलावीची तूर आपल्याकडे येते, 2021 मध्ये दोन्ही सरकारांचा वर्षाला 50 हजार टन आयातीचा करार झाला होता. तेव्हा तुमच्या वरणात मलावी कधीतरी येऊन गेलेलं असण्याची शक्यता आहे. वांगी मात्र भरताच्या लायकीची नव्हती.

आता मूळ प्रश्न.

जाण्याआधी मी नंदुरबार जिल्ह्यात काम केलं होतं. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आहे हे इकडच्यांना वेगळं सांगायला नको. रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप, कडा बंद करायच्या, थोडा वेळ थांबायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. ऑक्सिजन कमी झाला की गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. मलावीत पहिल्या काही दिवसांतच तीच वाकलेली पेशी दिसली तेव्हा क्षणभर आपण घरीच आहोत असं वाटलं. कारण दोन्हीकडे एकच आहे, मलेरिया. सिकलचा जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला तर माणूस जीवघेण्या मलेरियापासून बराच वाचतो. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा जनुक टिकून राहिला. पण दोघांकडूनही आला, तर मूल आयुष्यभर वेदनेत.

एका पाहुण्या उपदेशकांनी यावर फार सुंदर प्रवचन केलं होतं. दोषातूनच देव रक्षण कसं घडवतो, संकटातच बळ कसं दडलेलं असतं, वगैरे. लोक भारावून गेले. मला मात्र त्याच आठवड्यातली एक स्लाइड आठवत होती. दोन्हीकडून जनुक घेऊन आलेला मुलगा, हिमोग्लोबिन चारच्या खाली, ब्लड बँकेत त्याच्या गटाची पिशवी नाही, आणि बाहेर त्याची आई विटांच्या चुलीवर न्सिमा ढवळत बसलेली. तिथे रोग्याचा स्वयंपाक नातेवाइकांनाच करावा लागतो. तो मुलगा गेला. त्याच्या दुखण्यातून कुणाला काय बळ मिळालं हे मला कुणी सांगू नये. दुःख सोसलं की माणूस आपोआप आत्म्याने मोठा होतो, हे मला पटलेलं नाही. दुःखाने कडवट झालेली, दारूला लागलेली, बोलायचीच बंद झालेली माणसं मी तिकडेही पाहिली आणि इकडेही.

2022 तसंही वाईटच उगवलं होतं. जानेवारीत 'आना' वादळाच्या पुरात शिरे नदीवरचं कापिचिराचं वीजकेंद्र मोडलं आणि देशातली जवळजवळ तिसरा हिस्सा वीज एका फटक्यात गेली. तपासणीची रसायनं फ्रिजमध्ये, फ्रिज जनरेटरवर, आणि जनरेटरला डिझेल मिळेल तेव्हा मिळेल. मार्चमध्ये कॉलरा सुरू झाला. मला दोनदा मलेरिया झाला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताप येतो, गोळ्या घ्यायच्या, उतरतो.

पावसाळा तोंडावर असताना आबा, माझे वडील, गेले. भावाचा फोन पहाटे आला. मलावीतल्या ब्लँटायर शहरातून अदिस अबाबा, तिथून मुंबई, मुंबईहून पिंपळनेर; मी पोचेपर्यंत दफन होऊन जाणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं, त्यामुळे कुणीच 'ये' किंवा 'येऊ नको' म्हणालं नाही. मी दफन मोबाइलवर पाहिलं. मध्येच नेट गेलं. आबांचा फोन आला की पहिला शब्द "जेवनी का?" असायचा, आणि मी हो म्हटलं की फोन आईकडे. पुढचं बोलणं ते आईच्या मागे उभे राहून ऐकायचे.

त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. रागाने नव्हे. डोळे मिटले की आत काहीच नसायचं. मी मिशनरी, मला महिन्याकाठी प्रार्थनापत्र लिहून पाठवायचं असायचं. त्यात 'प्रभूचं समाधान अनुभवते आहे' असं लिहिण्याचा अलिखित दंडक असतो. त्या महिन्यात मी कॉलऱ्याची माहिती आणि पावसाचा अंदाज लिहून पाठवला.

आणि इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर येतं, फार भव्य नाही. बातमी कळली त्या संध्याकाळी तिथल्या मंडळीतल्या बाया माझ्या खोलीवर आल्या. मक्याचं पीठ आणि थोडे पैसे घेऊन आल्या, चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायची कापडं, अंथरले, आणि जमिनीवर बसल्या. मलावीत मयताच्या घरी रात्रभर असंच बसतात. इथे तर मयत हजारो किलोमीटर लांब होतं, तरी बसल्या. पुरुष अंगणात शेकोटीभोवती. बाया गात राहिल्या, थकल्या की गप्प बसत, मग कुणीतरी पुन्हा सुरू करी. मला निम्मे शब्द कळत नव्हते. देवाची योजना होती असं रात्रभरात एकीनेही म्हटलं नाही. आपल्याकडे शेजारणी पिठलं-भाकरी आणून देतात, कारण त्या घरात चूल पेटत नाही. हे त्याच जातीचं काहीतरी होतं. पहाटे त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी मला म्हणाली, "तू आता मागू नकोस. तुझ्या वाटचं आम्ही मागतो."

ते मी अक्षरशः घेतलं. पुढचे कित्येक आठवडे मी उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसायची आणि काहीच मागायची नाही. माझ्या वाटचं कुणीतरी मागतंय, एवढं माहीत होतं. ज्याला बळ म्हणता येईल असं माझ्याकडे तेव्हा इतकंच होतं. ते माझं नव्हतंच. त्यावर मी स्लाइडी वाचल्या.

त्याच दिवसांत बायबलमधलं 88 वं स्तोत्र हाती लागलं. स्तोत्रसंहितेतली विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, आशेचा एखादा शब्द येतो. हे वळत नाही, अंधारावरच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. पिंपळनेरच्या मंडळीत मी ते कधी वाचलेलं ऐकलं नव्हतं. आपण 23 वं आणि 91 वं वाचतो, लग्नात, मयतात, घरभरणीला. माझी तक्रार आहे ती एवढीच.

पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला कॉलरा शिगेला पोचला. त्या साथीत देशभरात 1,700 हून जास्त माणसं गेली. ओआरएस, सलाइन, शौचाचे नमुने, क्लोरीनचा वास. मार्चमध्ये 'फ्रेडी' वादळाने ब्लँटायरच्या डोंगरउतारावरची घरं चिखलाखाली गाडली. साडेसहाशेहून जास्त मृत, पाचशेहून जास्त बेपत्ता. त्या म्हातारीची पुतणी बेपत्तांमध्ये होती. तेव्हा चितेंजे घेऊन मी गेले. गाणी आता मला येत होती. प्रार्थना परत कधी सुरू झाली ते नेमकं सांगता येत नाही, पण त्या रात्री मी तिच्या वाटचं मागत होते, म्हणजे त्याआधी कधीतरी.

काहीजण विचारतात, मग परत का आलीस, बळ मिळालं होतं तर राहायचं की. त्यांच्यासाठी जुनी गोष्ट आहे. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंगस्टोन, त्याच्या मागून आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1875 मध्ये मलावी सरोवराच्या काठावर केप मॅक्लिअरला ठाणं घातलं. मलेरियाने माणसं मरत गेली, तेव्हा त्यांनी 1881 मध्ये बांडावेला आणि तिथेही तेच झाल्यावर 1894 मध्ये उंच पठारावर मुक्काम हलवला. तेच आजचं लिव्हिंगस्टोनिया. कुणी त्यांना अल्पविश्वासी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. माझा करार संपला होता आणि आई एकटी होती.

पुढच्या महिन्यात धुळ्याला महिलांच्या सभेत बोलायला बोलावलंय. विषय 'संकटात विजय' असा ठेवला आहे. मी फोन करून विचारलं, बदलता येईल का. बाई म्हणाल्या, पत्रिका छापून झाल्या. मग शास्त्रवाचन तरी माझ्या निवडीचं ठेवा म्हटलं, आणि 88 वं स्तोत्र सांगितलं. त्यांनी उघडून पाहिलं असावं, कारण थोड्या वेळाने त्यांचा परत फोन आला, "ताई, हे पूर्ण वाचायचं का?" पूर्ण, म्हटलं.