मांडीवर गप्प, खणात बसवला की रडतो

शिट्टी गेली. माझ्या जुन्या पिकअपचा कॅसेट रेडिओ बाहेरून तसाच ठेवून मी त्यात लपवलेलं ब्लूटूथ, सीटखाली आवाज वाढवणारा अ‍ॅम्प आणि दारांत नवे स्पीकर बसवतोय, आणि अ‍ॅम्प लावल्यापासून इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी यायची. काल रात्री इंजिन चालू ठेवलं, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावलं आणि ट्वीटरच्या (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) जाळीला कान चिकटवून पाच मिनिटं बसलो. बारीकशी सळसळ सोडली तर काहीही नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा रेडिओचे चारही स्क्रू आवळले. आजवर दोनांवरच भागवत होतो, कारण उद्या परत उघडायचाच आहे हे माहीत असायचं.

शिट्टीकडे येतोच. त्याआधी टेपबद्दल थोडं, कारण सगळ्या कामात ही एकच गोष्ट पहिल्या फटक्यात जमली आणि तिचं कौतुक मी करून घेणार आहे.

ब्लूटूथ आता कॅसेट ढकलली की चालू होतं. रिकाम्या कॅसेटमधली फीत काढली आणि दोन्ही चक्र्या आतून एका बारीक रबरी पट्ट्याने जोडल्या. चक्र्या फिरत नाहीत असं डेकला कळलं की तो फीत संपली असं समजून बाजू बदलतो, नाहीतर कॅसेट बाहेर फेकतो. पट्ट्यामुळे दोन्ही फिरत राहतात आणि डेकची समजूत पटते. कॅसेट आत गेली की 'टेप'चा हिरवा दिवा लागतो आणि त्या दिव्याच्याच व्होल्टेजवर एक छोटा ट्रान्झिस्टर ब्लूटूथच्या मॉड्यूलला जागं करतो. खटॅक, हिरवा दिवा, दोन सेकंद शांतता, की फोनवरचं गाणं सुरू. बाहेरून बघणाऱ्याला गाडी जुनी, रेडिओ जुना, कॅसेटसुद्धा जुनी. परवा एकाने कॅसेट काढून तिच्यावरचं लेबल वाचून पाहिलं. मी काही बोललो नाही.

सिग्नल हेडच्या (फीत वाचणाऱ्या भागाच्या) प्रीअ‍ॅम्पला, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाला, दिलेला नाही, त्याच्या पुढे थेट व्हॉल्यूमच्या आयसीच्या (चिपच्या) इनपुटला दिलाय. हेडपाशी दिला तर फितीसाठीचं इक्वलायझेशन, म्हणजे सुरांची फेरजुळणी, त्यावर चढतं आणि गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येतं. मॉड्यूलला वीज अजूनही त्या आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरवरूनच (दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं ठेवून वीज देणाऱ्या डबीवरून) जाते. मागच्या वेळी तो लावल्यावर ब्लूटूथची गुरगुर गेली होती, त्यामुळे या वेळच्या भानगडीत त्याच्यावर संशय घ्यायला मी तयारच नव्हतो. तेवढं एक बरोबर निघालं.

एक गंमत मात्र झाली. अ‍ॅम्पची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) मी रेडिओच्या निळ्या वायरला जोडली होती. रेडिओवर अ‍ॅम्प चालायचा, कॅसेट घातली की बंद. निळी वायर ही पॉवर अँटेनाची, ती फक्त ट्यूनर चालू असताना जागी असते. अ‍ॅम्पसाठी लागते ती निळी-पांढरी, आणि ती या जुन्या रेडिओत मुळातच नाही. आता आतल्या स्विच होणाऱ्या ९ व्होल्टवरून घेतली आहे.

तर शिट्टी.

अ‍ॅम्प सीटखाली बसला, ४ गुणिले ५० वॅटचा, क्लास डी. रेडिओतल्या पॉवर आयसीच्या आधीच लाइन सिग्नल उचलून मागून आरसीएच्या (अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणाऱ्या वायरींच्या) दोन शेपट्या काढल्या. पहिल्यांदा इंजिन चालू केलं आणि स्पीकरमधून कुईंऽऽ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर वर, सोडला की खाली. इंजिन बंद केलं की गप्प. ही रड आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकली आहे, म्हणून फारसा घाबरलो नाही. अर्थिंग असणार, तासाभराचं काम, असं वाटलं.

अ‍ॅम्पचं अर्थिंग परत केलं. रंग खरवडून पत्रा उघडा, दातेरी वॉशर, थिंबल नीट दाबलेलं, वायर जेमतेम फूटभर. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावला नाही. लावू नये, तो बोल्ट जीव वाचवायला आहे. शिट्टी तशीच. अ‍ॅम्पच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (सिग्नल बंद करणारे) लावले तर चिडीचूप, म्हणजे अ‍ॅम्प आणि त्याची पॉवर लाइन निर्दोष. घाण येतेय ती आरसीएवरून.

मग अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) तपासला. बॅटरीच्या टोकांवर एसी रेंजमध्ये ३० मिलिव्होल्ट, म्हणजे डायोड ठीक. तरी आवाज नक्की त्याचाच ना, हे बघायला फोनवर स्पेक्ट्रम (कोणता सूर किती जोरात ते दाखवणारा आलेख) लावला. आयडलला ८०० आरपीएमवर १३०० हर्ट्झच्या आसपास टोक. गणित जुळतं: इंजिन सेकंदाला साधारण १३.३ फेरे, पुलींचं प्रमाण माझ्या मोजमापाने २.७, म्हणजे अल्टरनेटरचे ३६ फेरे, आणि १२ पोलच्या थ्री-फेज अल्टरनेटरचे रेक्टिफाय झाल्यावर फेऱ्यामागे ३६ ठोके. ३६ गुणिले ३६, १२९६. कागदावर हा आकडा आला तेव्हा एवढा आनंद झाला की शिट्टी अजून जागेवरच आहे हे पाच मिनिटं विसरलो.

इथून पुढचे दोन आठवडे वाया गेले, ते असे.

दर वेळी रेडिओ खणातून ओढून मांडीवर घ्यायचो, इंजिन चालू करायचो, एकेक वायर हलवून बघायचो. आणि मांडीवर असताना तो गप्प! एकदम स्वच्छ. मला वाटायचं, आत्ता ही जी वायर हलवली तिचाच दोष. ती नीट करायची, सोल्डर मारायचं, हीट-श्रिंक चढवायची, रेडिओ खणात सरकवायचा, स्क्रू लावायचे, चावी फिरवायची. कुईंऽऽ. तान्ह्या पोराची तऱ्हा. कडेवर शांत, पाळण्यात ठेवलं की भोकाड.

अशा पद्धतीने मी निर्दोष असलेल्या पाच जोडण्या 'दुरुस्त' केल्या.

सहाव्या वेळी डोकं चाललं की खणात आणि मांडीवर काहीतरी वेगळं असलंच पाहिजे. मागचा ब्रॅकेट! मांडीवर असताना रेडिओची पेटी डॅशच्या लोखंडाला टेकत नाही. म्हणून ब्रॅकेटला कापडी टेप गुंडाळली, नायलॉनचे वॉशर घातले, मल्टिमीटरने पेटी सुटी झाल्याची खात्री केली. शिट्टी गेली नाही, उलट वाढली. हा पुरावा समोर पडलेला असून मला वाचता आला नाही, याची लाज वाटते. वैतागून नायलॉनचे वॉशर बागेत फेकले.

मधल्या काळात पळवाटही करून पाहिली. आरसीएच्या मध्ये लावायचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन्हीकडचं अर्थिंग एकमेकांपासून तोडणारी डबी). शिट्टी एका क्षणात बंद, आणि त्याच क्षणी ढोलाचा पोटातला ठोकाही बंद. त्या डबीत नखाएवढे दोन ट्रान्सफॉर्मर असतात. खालच्या सुरांना एवढा गाभा पुरत नाही, ४० हर्ट्झला तो दम टाकतो. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल लावावा. माझ्या मते ती डोकेदुखीवरची गोळी आहे, आणि दाराचे स्पीकर बदलून, पत्र्यावर ब्युटाइल (कंप दाबणारा रबरी थर) चिकटवून जे मिळवलं तेच ती गोळी काढून घेत होती.

उलगडा झाला तो आळसामुळे. रेडिओ परत बसवताना अँटेनाची पिन लावायचा कंटाळा केला. ती वायर इतकी तोकडी आहे की रेडिओ बाहेर ओढायच्या आधी हात घालून ती उपटावीच लागते, आणि बसवताना आंधळेपणाने चाचपडत परत खुपसावी लागते. म्हटलं, उद्या उघडायचंच आहे, राहू दे. खणात सरकवला, स्क्रू लावले, चावी फिरवली. शांत.

दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. मग हात घालून पिन खुपसली. कुईंऽऽ. काढली, शांत. खुपसली, कुईंऽऽ.

मांडीवर घेताना दर वेळी पिन काढलेली असायची. सहाच्या सहा वेळा.

आता प्रश्न असा की अँटेनाच्या वायरभोवतीच्या जाळीतून शिट्टी येते कशी? अँटेनाचं बूड मडगार्डवर आहे, म्हणजे कोअ‍ॅक्सची (अँटेनाच्या त्या वायरची) जाळी रेडिओच्या पेटीला मडगार्डशी जोडते. अ‍ॅम्पचं अर्थिंग केबिनच्या तळाला. मडगार्ड आणि केबिनचा तळ यांच्यात व्होल्टेजचा फरक असेल तर करंट जाळीतून रेडिओत येणार आणि तिथून थोडा आरसीएच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) अ‍ॅम्पकडे निघणार. शील्ड म्हणजे सिग्नलचाच परतीचा रस्ता, म्हणून ते ऐकू येतं. ब्रॅकेट सुटा केल्यावर शिट्टी का वाढली तेही मग लख्ख दिसलं. ब्रॅकेटमधून डॅशला जाणारा वाटा मी बंद केला, तोही बिचारा आरसीएवरून निघाला.

मल्टिमीटर घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, इंजिन चालू, ब्लोअर फुल. मडगार्ड: ०.०२ व्होल्ट. केबिनमधला अ‍ॅम्पचा बोल्ट: ०.३१. एकाच गाडीच्या दोन पत्र्यांत जवळजवळ ०.३ व्होल्ट!

पिकअपची केबिन चासीवर रबरी माउंटवर बसते, हे आपण सगळे जाणतो आणि वायरिंग करताना सगळे विसरतो. रबरातून करंट जात नाही. केबिनचं अर्थिंग ज्याच्या जिवावर, ती इंजिनापासून फायरवॉलला गेलेली तांब्याची विणलेली पट्टी, वीतभर लांब. हीटरच्या होजमागे, तेलाने काळी झालेली, दिसायला अगदी धडधाकट. हात लावला आणि हातातच आली. थिंबलपाशी आतून हिरवी भुकटी. म्हणजे केबिनचा सगळा परतीचा करंट मडगार्डच्या गंजक्या, रंगवलेल्या बोल्टांतून आणि चोरवाटेने माझ्या अँटेनातून जात होता. गेलं वर्षभर ब्लोअर लावला की इंधनाचा काटा किंचित हलायचा. मी त्याला गाडीचा स्वभाव समजत होतो.

नवी पट्टी लावली, दोन्हीकडचा पत्रा खरवडून, वर ग्रीस. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट फायरवॉलला एक जाड वायर. ०.३१ चे ०.०३ झाले. अँटेना लावली. शांत. इंधनाचा काटाही आता जागचा हलत नाही.

एवढ्याशा अ‍ॅम्पला 'बिग थ्री' (अर्थिंगच्या दोन आणि अल्टरनेटरची एक अशा तीन मुख्य वायरी जाड करणं) कशाला, असं मी दोन नोंदींपूर्वी ऐटीत लिहिलं होतं. ते वाक्य परत घेतो. दोन वायरी झाल्याच आहेत, आता अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्हही जाड करून टाकतो, मध्ये फ्यूज घालून.

वायरीवरून आठवलं. किटमध्ये आलेली ८ गेजची लाल वायर फेकली. ब्लेडने एक तार खरवडली तर वर तांबं, आत पांढरं, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. खोक्यावर त्याचा उल्लेख नाही आणि इन्सुलेशन एवढं जाड की मूळ तार त्यात हरवते. कलई केलेलं तांबं वेगळं, ते बाहेरून पांढरं आणि आतून लाल असतं; घाईत त्याला दोष देऊ नका. आता निखळ तांब्याची ओढली आहे, बॅटरीपासून वीतभरावर ४० अँपियरचा फ्यूज. गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवेल तो) मीटरवरच लावला: ५० वॅट, ४ ओहम, म्हणजे १४.१ व्होल्ट, त्याच्या थोडं अलीकडेच थांबलो.

दारांचं थोडक्यात. चालकाच्या बाजूचं पूर्ण झालं, मूळ जाळी तशीच ठेवून. काच पूर्ण खाली असताना मागे ३ मिलिमीटर जागा उरते, पुरे. स्पीकरखालची रिंग एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) कापली. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) दारात घालणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, पहिला पावसाळा घालेल. आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद केल्यावर बासमध्ये जो फरक पडला तो स्पीकर बदलून पडला नव्हता. फक्त तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका.

पुढचा बेत डीएसपीचा (प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि वेळ जुळवणाऱ्या डब्याचा) होता आणि आहे, पण या भानगडीनंतर डिफरन्शियल इनपुट (शील्डमधली अशी घाण आत न घेणारा) असलेलाच घेणार. एक स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटर, दुसरा १५०. फरक ६० सेंटिमीटरचा, म्हणजे जवळच्याला साधारण १.७५ मिलिसेकंद थांबवायचं. लिहिता लिहिता सुचलं की ब्लूटूथ थेट डीएसपीलाच ऑप्टिकल (प्रकाशाच्या) वायरने दिलं तर रेडिओचा प्रीअ‍ॅम्प वाटेतून जाईल आणि सळसळही जाईल. मग लक्षात आलं की तसं केलं तर आवाजाचं बटण नुसतं शोभेचं उरेल. ते बटण फिरताना जी टकटक करतं तिच्यासाठी तर हा सगळा उद्योग. रद्द. सळसळ राहू दे.

डीएसपी हातमोज्यांच्या कप्प्यामागे मावतो का ते पुठ्ठ्याचा ठोकळा करून बघणार आहे. शनिवारी दुसरं दार. पण त्याआधी रेडिओ परत एकदा बाहेर काढतोय, शेवटचा: अँटेनाची वायर फूटभर लांब करायची आहे.